वाळूवरच्या रेघा : पंढरपूरचा कंदील

गेल्या वर्षी गणपतीत मंडळाच्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन लागलं होतं, तुम्हाला आठवत असेल. दाराजवळच्या फळ्यावर माझी चार जलरंगातली चित्रं होती. कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, चिऱ्यांचा गडगा, मागे माड. दोह्यात आल्यापासून अठरा वर्षं मी दर गणपतीत हीच चित्रं लावतो. म्हणजे दर वर्षी नवी काढतो, पण बघणाऱ्याला फरक कळू नये इतकी ती सारखी असतात. लोक थांबतात, "अगदी आमच्या आजोळी गेल्यासारखं वाटलं हो" म्हणतात, मोबाइलवर फोटो घेतात आणि प्रसादाच्या रांगेकडे वळतात. मलाही तेवढं पुरतं.

या वेळी मात्र आमच्या शेजारची नववीतली मुलगी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काका, हे सगळं तुम्ही कुठे बघता?"

"बघतो कुठे, आठवतं."

"मग इथलं का नाही काढत? इथलं तर रोज दिसतं."

मी ठरलेलं उत्तर दिलं : "इथे काय आहे काढण्यासारखं? वाळू आणि क्रेन." ती काही बोलली नाही. नंतर माझ्या लक्षात आलं, की ही पोरगी दोह्यातच जन्मली. तिला 'गाव' विचारलं तर ती याच गावाचं नाव सांगेल. तिच्या गावात काढण्यासारखं काही नाही, असं मी तिच्या तोंडावर सांगून मोकळा झालो होतो.

ते डोक्यात राहिलं. दिवाळी होऊन महिना उलटला आणि २८ नोव्हेंबरला एज्युकेशन सिटीत मकबूल फिदा हुसेन यांचं संग्रहालय उघडलं. डिसेंबरातल्या एका शनिवारी आमची दोन कुटुंबं मिळून गेलो. मेट्रोच्या ग्रीन लाइनने एज्युकेशन सिटी, तिथून ट्राम. ट्रामला पैसे पडत नाहीत, त्यामुळे मुलांनी आणखी एक फेरी मारून घेतली. संग्रहालयाचं नाव 'लौह वा कलम'. लौह म्हणजे आपलं लोखंड नव्हे, अरबीत लौह म्हणजे पाटी. पाटी आणि लेखणी. हुसेन यांनी स्वतः काढून ठेवलेल्या एका रेखाटनावरून मार्तंड खोसला या वास्तुरचनाकाराने ही निळसर इमारत उभी केली. आत दीडशेच्या वर कलाकृती आहेत, १९५० च्या दशकापासून ते २०११ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवरच्या.

आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे माहीत नाही, पण हा माणूस पंढरपूरचा. १९१५ साली तिथे जन्मला. तान्हा असतानाच आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि घरात तिचा फोटोही नव्हता. पुढे आयुष्यभर त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना चेहरे नाहीत. मदर तेरेसांवरची त्यांची मालिका बघा : निळ्या काठाची पांढरी साडी, कुशीत मूल आणि चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. मी हे पूर्वी छापील पुस्तकात पाहिलं होतं आणि 'शैली आहे' म्हणून पान उलटलं होतं.

वडील नंतर इंदूरला गिरणीत नोकरीला लागले. आजोबा पत्र्याचं काम करीत, कंदील बनवीत. तो कंदील आणि आजोबांची छत्री हुसेन यांच्या चित्रांतून कधी गेलीच नाही. इंदुरात मोहरमच्या मिरवणुकीत घोडा निघे, तो या मुलाच्या डोळ्यांत बसला. बडोद्याला मामांकडे असताना अरबी सुलेखन शिकले, कुफी वळणाची अक्षरं गिरवली. मुंबईत आल्यावर पोटासाठी सिनेमाचे बोर्ड रंगवले. हे बोर्ड म्हणजे मोठी शाळा होती असं मला वाटतं. उभ्या इमारतीएवढी नटी रंगवायची, तीही शुक्रवारच्या आत. तिथे बारीक छटा काढत बसायला वेळ नसतो. ठसठशीत रेघ, सपाट रंग आणि लांबून ओळखू यावं एवढंच ठेवायचं. बाकी गाळायचं. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह गटात आले तेव्हा हा हात तयार होता.

पण हातात काय घालायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. १९४८ साली ते सूझांबरोबर दिल्लीला एक मोठं प्रदर्शन बघायला गेले. तिथे त्यांनी मथुरेची गुप्तकालीन शिल्पं पाहिली आणि पहाडी लघुचित्रं पाहिली, विशेषतः बसोलीची. शिल्पांतून बाईच्या देहाची कमनीय ठेवण घेतली, बसोलीतून भडक, बेधडक रंग घेतले, आणि तिसरं म्हणजे आपल्या गावजत्रेतल्या खेळण्यांचा भाबडेपणा. (मध्यंतरी ते एका कंपनीत मुलांची खेळणी आणि फर्निचर करत होते, तोही हात इथे कामी आला असणार.) मग पन्नाशीचं दशक. 'जमीन' १९५५ चं, 'बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प' १९५६ चं. चीनला गेले, तिथले जुने मातीचे घोडे पाहिले, इटलीच्या मारिनो मारिनीचे घोडे पाहिले, आणि इंदूरच्या मिरवणुकीतला घोडा पुन्हा उठून उभा राहिला. या वेळी मान उंच आणि नाकपुड्या फुगलेल्या.

मला यात नवल वाटतं ते असं, की त्यांना नवीन काही मिळालं की जुनं टाकावं लागत नव्हतं. घोडा चीनमध्ये जाऊन आला, बर्लिनला गाजलेल्या १९६७ च्या लघुपटात कंदील आणि छत्री राजस्थानच्या वाळूत जाऊन उभे राहिले. सामान तेच, मुक्काम वेगळा. आपल्यासारख्या सामान घेऊन फिरणाऱ्यांना हे कळायला हरकत नव्हती. पण मी अठरा वर्षं सामान घेऊन आलो आणि बॅग उघडलीच नाही.

सगळंच त्यांना जमलं असं मात्र मी म्हणणार नाही. उतारवयातले कितीतरी घोडे नुसत्या सवयीने पळताहेत. मागणी होती, हात चालत होता, कॅनव्हास भरत होते. नाव इतकं मोठं झालं की चित्राआधी सही दिसायची. माझ्या लेखी मोठा हुसेन तो पन्नास-साठच्या दशकांतलाच.

वादाबद्दल न लिहिणं खोटेपणाचं होईल. त्यांच्या काही चित्रांवरून लोकांची मनं दुखावली, प्रदर्शनांवर हल्ले झाले, खटले झाले. २००६ नंतर ते देशाबाहेरच राहिले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. आपल्या मंडळातही यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्या घरी फराळाला येतात, येत राहोत. २०१० मध्ये कतारने त्यांना नागरिकत्व दिलं. आपण इथे वीस-पंचवीस वर्षं काढूनही निवासपरवान्याची मुदत मोजत जगतो, कारण हे नागरिकत्व सहसा मिळत नाही. त्यांना ते पंच्याण्णवाव्या वर्षात मिळालं. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा त्यांनी भारताचा पासपोर्ट दोह्यातल्याच आपल्या दूतावासात परत केला. पासपोर्टचं नूतनीकरण करायला आपण सगळेच त्या दूतावासात गेलो आहोत. तिथे पासपोर्ट ठेवून रिकाम्या हाताने बाहेर पडायचं, ही कल्पना मला काही करता येत नाही.

आणि या वयात त्यांनी काय करावं? शेखा मोझा बिन्त नासेर यांनी अरब संस्कृतीवर मालिका करायला सांगितली, तर नव्याण्णव चित्रांचा संकल्प सोडला. नव्वदी ओलांडल्यावर! बद्रची लढाई, यमन, अरबांचं खगोलशास्त्र असे विषय. पस्तीसच्या वर चित्रं पुरी झाली आणि ९ जून २०११ ला लंडनमध्ये माणूस गेला. त्या मालिकेतली सगळी चित्रं मला आवडली नाहीत, काही शाळेच्या इतिहासातल्या पाठासारखी वाटली. पण एका चित्रापुढे मी थांबलो, कारण त्यातली रेघ कुठेही अडखळत नव्हती. बडोद्यात मामांकडे ज्या मुलाने कुफी अक्षरं गिरवली, त्याचा हात ऐंशी वर्षांनी अरबी मुलखात येऊन पोहोचला होता. मला वाटतं, त्या हाताला इथे परकं वाटलं नसेल.

शेजारच्या दालनात त्यांची शेवटची मोठी रचना आहे, 'सीरू फिल अर्द', म्हणजे पृथ्वीवर संचार करा. त्यांच्यामागे २०१९ मध्ये ती पुरी झाली. मुरानोच्या काचेचे घोडे, जुन्या मोटारी, लिओनार्दोचं उडतं यंत्र, आणि हवेत उडून पाहणारा अंदलुसियाचा अब्बास इब्न फिर्नास. सगळं फिरतं, हलतं. आमच्या मुलांनी तोंडं उघडी टाकून पाहिलं. मला ती जत्रेतल्या पाळण्यासारखी वाटली, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाने शेवटी जत्राच भरवली.

परतताना ती मुलगी म्हणाली, "काका, हे आजोबा नव्वदीत इथलं काढायला लागले. तुम्हाला अजून वेळ आहे."

तेव्हा आणखी एका म्हाताऱ्याची आठवण झाली. इंडियाहून आईवडील आले की आपण त्यांना हमखास ज्या इस्लामी कला संग्रहालयात नेतो, ते आय. एम. पेई यांचं. २००८ ला ते उघडलं तेव्हा पेई एक्याण्णव वर्षांचे होते. काम हाती घेतल्यावर आधी महिनोन्‌महिने फिरले. कोर्दोबा पाहिलं, आपलं फत्तेपूर सिक्री पाहिलं, मनात भरलं नाही. शेवटी कैरोच्या इब्न तुलून मशिदीतलं वजूचं छोटंसं घुमटीदार बांधकाम सापडलं. त्यावर सजावट जवळजवळ नाही. ऊन पडलं की सावल्यांनीच ते जिवंत होतं. वाळवंटात चित्रकाराला मिळणारा रंग म्हणजे ऊन, हे त्यांना कळलं होतं. मी कित्येकदा तिथे पायऱ्यांवर बसून पाहुण्यांचे फोटो काढले होते, भिंतीवरच्या सावल्यांकडे पाहिलं नव्हतं.

जानेवारीत मी रंगपेटी घेऊन बाहेर पडलो. पहिल्यांदा गेलो कुठे, तर अल ठखिराच्या खारफुटीत. का, तर तिथे हिरवं होतं! सवय अशी सुटत नाही. चित्र आलं ते थेट देवगडच्या खाडीचं. दुसऱ्या खेपेला अल वक्राचा जुना बाजार. मातकट भिंती, लाकडी वासे भिंतीबाहेर आलेले, गल्लीत कडक सावली. तिथे माझं सगळं शिक्षण उलटं झालं. कोकणात कागद लवकर वाळत नाही, ओल्यावर ओला रंग टाकून पाऊस आणि धुकं फुकटात मिळतं. इथे आकाशाचा हात वरून खाली आणेपर्यंत वरचा वाळून कडा धरतो. हिरवा आणि निळा जवळ ठेवला होता, पिवळी माती आणि गेरू आधी संपले. शिवाय या उन्हात रंग लावायचेच फार कमी. भिंतीला मी रंग लावला की ती मेलेली दिसे, कागद कोरा ठेवला की उन्हात उभी राही. सावली मी काळी काढत होतो, बघत बसल्यावर ती जांभळट निघाली. बावीस कागद फाडले. तेविसावा ठेवला.

त्यात जवळजवळ काही नाही. एक भिंत, तीही बहुतेक कोरीच, खाली गेरूचा एक पट्टा, वाशांच्या तिरक्या सावल्या. गेरूचा पट्टा काढताना हात आपोआप चिऱ्याच्या गडग्यासारखा फिरला, आणि मी त्याला फिरू दिलं.

यंदा गणपतीत माझ्या फळ्यावर तीन घरं आणि ही एक भिंत होती. भिंतीपुढे फारसं कुणी थांबलं नाही. एका काकांनी हे अपुरं राहिलंय का म्हणून आपुलकीने चौकशी केली. ती मुलगी आली, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "ही कॉफीच्या दुकानामागची गल्ली ना?" तीच होती.

रात्री आईला राजापूरला व्हिडिओ कॉलवर चित्र दाखवलं. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"बाबू," ती म्हणाली, "एवढं पांढरं का ठेवलंयस? रंग महाग झालेत का तिकडे?"