कंपनीतील उद्योजक आणि वऱ्हाडचे सोयाबीन

मोठ्या कंपन्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांतून उद्योजक घडवावेत, त्यांना भांडवल व मोकळीक द्यावी, म्हणजे नफाही होईल आणि निसर्गही राखला जाईल, हा विचार आज प्रतिष्ठा पावला आहे. त्याचे गाजलेले भारतीय उदाहरण म्हणजे आयटीसीची 'ई-चौपाल'. कंपनीच्या शेतमाल विभागाचे एस. शिवकुमार यांच्या पुढाकाराने २००० साली मध्य प्रदेशच्या सोयाबीन पट्ट्यात सुरू झालेली ही योजना पुढे महाराष्ट्रात, वऱ्हाडातही आली.

गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, त्यावर बाजारभाव; माल थेट कंपनीच्या केंद्रावर, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर. अडत आणि मापातील लबाडी यांनी पिढ्यान्‌पिढ्या नागवलेल्या शेतकऱ्याला हा दिलासा होता, हे मान्य केलेच पाहिजे. अडत्यांची वकिली करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. शासनाची १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदीदेखील रखडलेल्या चुकाऱ्यांनी आणि तोट्याने खिळखिळी झाली, याचा विसर पडू नये.

परंतु राखले जाते ते काय? अमरावती-अकोल्याच्या शिवारात कपाशी, तूर आणि ज्वारी यांचा मेळ होता. ज्वारी हटली, सोयाबीन पसरले. कडबा गेला आणि त्यामागून गोठे रिकामे झाले. हा दोष एकट्या कंपनीचा नव्हे, शासनाच्या भावधोरणाचाही आहे. मात्र ज्या उद्योजकतेचे यश खरेदी केलेल्या मालाच्या टनांवर मोजले जाते, ती ज्वारीची कैवारी होणार कशी? कंपनी आपण वापरतो त्याहून अधिक पाणी साठवतो, असे अहवालांतून अभिमानाने सांगते. (सिगारेटी विकून हे पुण्य जोडले जाते, हा भाग अलाहिदा.) २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार त्याखाली घसरला, तेव्हा खोट बसली ती शेतकऱ्यालाच. धाडसाचे श्रेय अधिकाऱ्याला, जोखीम मात्र कुणब्याला, अशी ही वाटणी आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी खासगी थेट खरेदीच्या प्रत्येक केंद्रावर तीन मागण्या लावून धराव्यात. हमीभावाखाली खरेदी नको. गावच्या संचालकाची निवड ग्रामसभेने करावी, कंपनीने नव्हे. आणि तेथील हमाल-मापाऱ्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण मिळते की नाही, याची तपासणी व्हावी. ज्वारी-तुरीच्या फेरपालटाचे काम अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे न्यावे. त्याचा खर्च मात्र सोयाबीनवर नफा कमावणाऱ्यांनीच सोसावा.