मॅव्हरिक्सच्या मालकांना २ फेब्रुवारीपर्यंत मुदत

डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाचे गव्हर्नर पॅट्रिक ड्युमॉन्ट आणि त्यांच्या सासूबाई, संघाच्या मुख्य मालकीण मिरियम ॲडेल्सन यांना जाहीर इशारा.

११ नोव्हेंबर २०२५ ला तुम्ही जनरल मॅनेजर निको हॅरिसनला घरी बसवलंत. अकरापैकी आठ सामने हरले होते आणि सामना चालू असताना सगळं स्टेडियम ‘फायर निको’ म्हणून ओरडत होतं. तुम्ही त्याला काढलंत, चाहत्यांच्या नावे एक पत्र काढलंत आणि हात झटकलेत. आता प्रकरण मिटलं अशा समजुतीत असाल, तर ती आजच सोडा. बळीचा बकरा दिला की देव शांत होतो, असा तुमचा हिशेब दिसतो. आमचा हिशेब अजून उघडा आहे आणि तो चुकता करायला आम्ही तारीख ठरवली आहे.

तुम्हाला मराठी येत नाही हे आम्ही जाणतो. हे पत्र वाचून त्याचा मतलब तुमच्या कचेरीपर्यंत पोचवणारे लोक डॅलसजवळच्या अर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्कोत गल्लोगल्ली आहेत. त्याची काळजी नको.

ज्या वाचकांना बास्केटबॉलची सवय नाही, त्यांच्यासाठी आधी मूळ गुन्हा सांगतो. १ फेब्रुवारी २०२५, शनिवारची रात्र. डॅलसमध्ये अकरा वाजून गेले होते. ईएसपीएनच्या शम्स चरानियाने बातमी दिली की लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला गेला. वाचणाऱ्यांना वाटलं, चरानियाचं खातं कुणीतरी हॅक केलं. वाटणारच. लुका २५ वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी हा स्लोव्हेनियन पोरगा या शहरात आला, सलग पाच वर्षं लीगच्या पहिल्या पाच खेळाडूंत निवडला गेला आणि जेमतेम आठ महिन्यांपूर्वी त्याने आपल्या संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. अटलांटाविरुद्ध त्याने एका रात्रीत ७३ गुण केले होते. असा खेळाडू या वयात कुणी विकत नाही. विकायचाच झाला तर अख्ख्या लीगमध्ये दवंडी पिटून, सगळ्यांना भिडवून विकतात.

तुमच्या माणसाने काय केलं? लेकर्सच्या रॉब पेलिंकाबरोबर जानेवारीत कॉफी घेता घेता विषय काढला आणि तीन-साडेतीन आठवडे चिडीचूप सौदा शिजवला. दुसऱ्या कुठल्याही संघाला भाव विचारला नाही. प्रशिक्षक जेसन किडलाही अगदी शेवटच्या घटकेला कळवलं. लुकाच्या बदल्यात आला ३१ वर्षांचा, दुखापतींनी त्रस्त अँथनी डेव्हिस, त्याच्यासोबत मॅक्स क्रिस्टी, आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली (ड्राफ्टमधली) पहिल्या फेरीची एक निवड. एक! तीही २०२९ सालची. या सौद्याच्या आदल्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सने मिकाल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीच्या पाच निवडी मोजल्या होत्या. ब्रिजेस चांगला खेळाडू आहे, पण ऑल-स्टार संघात तो एकदाही आलेला नाही. बाजारात बसणारी कुठलीही मावशी तुम्हाला याहून बरा सौदा करून देती.

कारण सांगितलं गेलं ते असं की बचाव केला की विजेतेपद मिळतं. लुका बचाव करत नाही, वजन सांभाळत नाही, आणि उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांसाठी सुमारे साडेचौतीस कोटी डॉलर द्यावे लागतील ही कुजबुज वेगळीच. ड्युमॉन्टसाहेब, तुम्ही स्वतः मुलाखतीत जॉर्डन, बर्ड, कोबी आणि शॅक या दिग्गजांची नावं घेऊन कष्टाळूपणाचे धडे दिलेत. रोख कुणाकडे होता हे शाळकरी पोरालाही कळलं. (यादीत शॅकचं नाव ऐकून हा खेळ पाहत आलेल्यांना हसू आवरलं नाही, ते सोडा.) पुढे एप्रिलमध्ये हॅरिसनने एकदा निवडक पत्रकारांना बोलावून कॅमेरे बाहेर ठेवले, आणि काही दिवसांनी हंगामाअखेरच्या पत्रकार परिषदेत एक गोष्ट कबूल केली. लुका चाहत्यांना प्रिय आहे हे ठाऊक होतं, पण इतका प्रिय आहे याचा अंदाज नव्हता, असं तो म्हणाला. तो या संघाचा जनरल मॅनेजर होता. दर सामन्याला तो ज्या इमारतीत बसायचा, तिथल्या निम्म्या पाठींवर लुकाचा ७७ आकडा होता.

त्याला अंदाज नव्हता, ठीक. तुम्हालाही नव्हता? संघाची सूत्रं तुमच्या हाती आहेत. असा सौदा मालकाच्या मान्यतेशिवाय होत नाही आणि तुम्ही ती दिलीत. म्हणून हॅरिसनची गच्छंती आम्ही पावती म्हणून स्वीकारत नाही.

सौद्याच्या रात्रीनंतर शहरात जे झालं त्याला तुमच्या लोकांनी भावनेच्या भरातला तमाशा समजून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी माणसं अमेरिकन एअरलाइन्स सेंटर या संघाच्या स्टेडियमबाहेर डर्क नोव्हित्स्कीच्या पुतळ्यापाशी जमली. शवपेटी आणली, फुलं वाहिली. डर्कने एकवीस हंगाम या एकाच संघासाठी खेळून काढले, २०११ साली विजेतेपद आणलं. तो जर्मन आणि लुका स्लोव्हेनियाचा. दोघेही बाहेरून आले आणि या शहराचे झाले. इथे येऊन घरं केलेल्या आमच्यासारख्यांना त्यात काय दिसत होतं, ते तुमच्या ताळेबंदात कुठे नोंदवलं जात नाही. नोकरीसाठी आलेला माणूस आधी रस्ते शिकतो, मग हवामान, आणि मग कुठल्या तरी सामन्याच्या रात्री शेजाऱ्याबरोबर ओरडता ओरडता त्याला कळतं की आपण आता इथले. आमच्यातल्या कित्येकांना ते लुकाच्या सामन्यांत कळलं.

मग तुम्ही काय केलंत? १० फेब्रुवारीला सॅक्रामेंटो किंग्जविरुद्धच्या सामन्यात ‘फायर निको’चे फलक धरणाऱ्यांना बाहेर काढलंत. मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांचे चेहरे दाखवत होते, तेव्हा एका गृहस्थांनी नुसते ओठ हलवून तेच दोन शब्द म्हटले. त्यांचीही उचलबांगडी! नियमावलीचा भंग झाला, असं सांगण्यात आलं. त्याच दोन शब्दांवर नऊ महिन्यांनी तुम्ही स्वतः अंमल केलात. मग त्या लोकांचं काय? त्यांची माफी कुणी मागितली?

मार्चमध्ये तर कहरच केलात. संघाचा आघाडीचा खेळाडू कायरी अर्व्हिंग याचा गुडघा गेला होता, हंगाम हातचा गेला होता, आणि तुम्ही पुढल्या वर्षाच्या सीझन तिकिटांचे दर वाढवलेत. जखमेवर मीठ चोळायचं, वर मिठाचे पैसेही लावायचे.

९ एप्रिलचा सामना तुम्ही पाहिला असेल. लुका लेकर्सचा गणवेश घालून परतला. प्रत्येक खुर्चीवर तुम्ही त्याच्या भाषेत आभार छापलेले टी-शर्ट ठेवले होते, पडद्यावर त्याच्या सात वर्षांची चित्रफीत लावली होती. तो बाकावर बसून तोंडाला टॉवेल लावून रडत होता. त्यानंतर उठला आणि तुमच्या संघावर ४५ गुण चढवले. प्रेक्षक उभे राहिले ते त्याच्यासाठी. यजमान संघाच्या मैदानात पाहुण्याला असा मान मिळतो, तेव्हा यजमानाने काय समजायचं ते समजावं.

आता कूपर फ्लॅगबद्दल. १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टची लॉटरी तुमच्या नावे निघाली आणि एक असामान्य पोरगा पदरात पडला. दैवाने दिलं, छान झालं. पण त्या पोराला ढाल करून त्याच्यामागे लपू नका. अठराव्या वर्षी संघात आलेल्या मुलाने तुमच्या पापाचं प्रायश्चित्त घ्यायचं हे आम्हाला मान्य नाही. आणि नीट ऐका: लुकाच्या बाबतीत जे केलंत ते याच्या बाबतीत करायचा विचार जरी मनात आला, तर हे शहर तुम्हाला दुसऱ्यांदा सोडणार नाही.

मालकांना सुनावून झालं की आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावणं भाग आहे. हॅरिसनला धमक्या आल्या, त्याला सुरक्षारक्षकांच्या गराड्यात फिरावं लागलं. हे करणारे चाहते नाहीत, गुंड आहेत. त्यांच्याशी आमचा संबंध नाही. आणि डेव्हिसवर जे राग काढतात त्यांनी जरा डोकं ताळ्यावर ठेवावं. त्याला कुणी विचारलं होतं? या लीगमध्ये खेळाडूला सौदा नाकारण्याचा हक्क हवा असेल तर लीगमध्ये आठ वर्षं आणि त्याच संघात चार वर्षं काढावी लागतात, वर तसं कलम करारात लिहून घ्यावं लागतं. लुकाकडे ते नव्हतं, कारण त्याचं सातवंच वर्ष चालू होतं. डेव्हिसही असाच रातोरात हलवला गेला. पहिल्या सामन्यात त्याने २६ गुण, १६ रिबाउंड केले आणि तिसऱ्या सत्रात दुखावला. दीड महिना बाहेर बसला. चोर सोडून संन्याशाला सुळी, हा प्रकार मराठी माणसाने वानखेडेवर करून पाहिला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचं कर्णधारपद काढून हार्दिक पांड्याला दिलं. निर्णय मालकांचा आणि हुर्यो हार्दिकची. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळीच इतका गोंगाट झाला की समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणावं लागलं. मुंबई त्या वर्षी तळाला गेली. मालकांच्या केसालाही धक्का लागला नाही. पुढे जूनमध्ये बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. तेव्हा ज्यांनी शिव्या दिल्या होत्या, त्यांचे घसे जयघोषातही होतेच.

शिव्यांचा उपयोग नाही, हे आम्हाला तिथे कळलं. म्हणून इथे दुसरं हत्यार काढतो आहोत.

ॲडेल्सनबाई, ड्युमॉन्टसाहेब, तुम्ही हा संघ २०२३ च्या अखेरीस मार्क क्युबनकडून घेतलात तो केवळ बास्केटबॉलच्या प्रेमापोटी, असं मानण्याइतके आम्ही भोळे नाही. लास वेगास सँड्स ही तुमची कंपनी कॅसिनो चालवते आणि टेक्ससमध्ये कॅसिनोला बंदी आहे. ती उठवायची तर राज्यघटनेत दुरुस्ती लागते: विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, आणि त्यानंतर जनतेचा कौल. शिवाय स्टेडियमचा भाडेकरार २०३१ ला संपतो आणि तुम्हाला नवं स्टेडियम हवं आहे. आत्ताच्या स्टेडियमसाठी १९९८ साली डॅलसच्या मतदारांनी निसटत्या बहुमताने साडेबारा कोटी डॉलरला होकार दिला होता, हे विसरू नका. निसटत्या.

मार्च २०२५ मध्ये अर्व्हिंग गावात काय झालं तेही आठवा. जुन्या टेक्सस स्टेडियमच्या जागेजवळ तुमच्या कंपनीला मोठा प्रकल्प करायचा होता, त्यात कॅसिनोची तरतूद होती. लोक नियोजन आयोगाच्या सभेला आले, रांगेत उभे राहिले, एकेक करून बोलले, रात्र वाढत गेली तरी उठले नाहीत. तुम्हाला जुगाराचं कलम मागे घ्यावं लागलं. त्या गावात भारतीयांची वस्ती किती दाट आहे, हे तुमच्या वकिलांना विचारा. तुमच्या गरजेची दोन्ही दारं आमच्या अंगणातून उघडतात.

तेव्हा आमच्या मागण्या ऐका. ड्युमॉन्टसाहेबांनी स्वतः, कॅमेरे चालू ठेवून, सीझन तिकीटधारकांसमोर बसावं आणि सांगावं की हा सौदा दुसऱ्या एकाही संघाला न विचारता का केला आणि त्यांनी त्याला मान्यता कशाच्या आधारावर दिली. पत्रक चालणार नाही, निवडक पत्रकार चालणार नाहीत. लुकाच्या कष्टांवर घेतलेला संशय त्यांनी त्याच बैठकीत, नाव घेऊन, मागे घ्यावा. फलकांसाठी ज्यांना बाहेर काढलं त्यांची माफी मागून त्यांना तिकिटं द्यावीत. आणि फेब्रुवारीनंतर केलेली दरवाढ रद्द व्हावी. डॅलस सोडून संघ लास वेगासला नेणार नाही हे तोंडी खूपदा सांगून झालं आहे. ते लेखी द्या.

मुदत सोमवार, २ फेब्रुवारी २०२६. सौद्याला वर्ष होऊन एक दिवस झालेला असेल म्हणून ही तारीख धरली असं वाटेल, पण कारण वेगळं आहे. ३ मार्चला राज्यातल्या प्राथमिक निवडणुका आहेत आणि त्यांत मत द्यायचं तर मतदार नोंदणी २ फेब्रुवारीपर्यंत व्हावी लागते. त्या दिवसापर्यंत तुमच्याकडून हालचाल झाली नाही, तर विधिमंडळासाठी उभ्या असलेल्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, आम्ही दोनच प्रश्न विचारू: कॅसिनोच्या बाजूने मत देणार का, आणि स्टेडियमसाठी लोकांचा पैसा देणार का. उत्तर ‘हो’ आलं की आमचं मत गेलं. २०२७ च्या जानेवारीत विधिमंडळ पुन्हा बसेल तेव्हा तुम्हाला त्याची मोजणी करून बघता येईल.

ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे असलेल्यांना मत नाही, पण पाकीट आहे. त्यांनी २ फेब्रुवारीनंतर सीझन तिकिटाच्या नूतनीकरणावर सही करू नये, स्टेडियमच्या दुकानातून एक टोपीही घेऊ नये. पोरं फ्लॅगचा टी-शर्ट मागतील. थोडं थांब म्हणावं.

जे नागरिक झाले आहेत आणि अजून नोंदणी केलेली नाही, त्यांच्यासाठी: टेक्ससमध्ये नवी नोंदणी ऑनलाइन होत नाही. फॉर्म छापून, स्वतः सही करून, आपल्या काउंटीच्या कार्यालयात नेऊन द्यावा लागतो किंवा टपालाने पाठवावा लागतो. टपालाचा शिक्का २ फेब्रुवारीच्या नंतरचा चालणार नाही. शनिवारीच टाका.