जाताना डोळे देऊन जाऊ या

मरणोत्तर हृदय किंवा यकृत देता येते ते मोठ्या दवाखान्यात मेंदू मृत झाल्यावरच. पण सेनगावात घरी मरण आले तरी डोळे देता येतात. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, अडचण नाही. बुबुळ खराब होऊन अंध झालेल्या दोघांना त्यातून दिसू शकते. बौद्ध श्रीलंकेत १९६१ साली नेत्रदान संस्था निघाली. तिने देशोदेशी डोळे पाठविले.

मात्र वेळ सहाच तासांची, आणि होकार घरच्यांचा लागतो. रडारडीत कुणाला सुचणार? म्हणून आम्ही सांगतो, नेत्रपेढीचा फोन नंबर हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात विचारून भिंतीवर लिहून ठेवा. पंखा बंद, डोके उशीवर, मिटल्या पापण्यांवर ओला कापूस, एवढेच करायचे. आज रात्री जेवताना घरात हे बोलून घ्या.