अहाबाचा शिक्का

इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये ओरोंत नदीकाठच्या करकर येथे अश्शूरच्या तिसऱ्या शालमनेसरास अडविण्यासाठी जे राजे एकवटले, त्यांत इस्राएलचा अहाब २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन आला होता, असे खुद्द शत्रूनेच आपल्या शिलालेखात कोरवून ठेवले आहे. तरीही या सामर्थ्यवान राजाची २२ वर्षांची कारकीर्द बायबलकारांनी तोलली ती एका द्राक्षमळ्याने, आणि तो तराजू यथायोग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

इज्रेल येथे राजवाड्याला लागून नाबोथाचा मळा होता. तेथे भाजीपाला लावावा म्हणून राजाने त्याहून सरस मळा अथवा रोख मोबदला देऊ केला. परंतु भूमी ईश्वराची, ती कायमची विकण्याचा अधिकार कोणासही नाही, असे शास्त्र मानणाऱ्या नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास साफ नकार दिला. राजा बिछान्यावर तोंड फिरवून पडून राहिला, अन्नाला शिवेना. या दृश्यापाशी मी नेहमी थबकतो, कारण नकार ऐकून माघारी फिरणाऱ्या या राजाला आपल्यावरही कायदा आहे हे पुरते ठाऊक होते.

पुढे राणी ईजबेल हिने राजाच्या नावे खलिते लिहून त्यांवर राजाचाच शिक्का उमटविला, गावच्या वडीलधाऱ्यांनी हुकमाप्रमाणे उपवास जाहीर करून नाबोथाला सर्वांसमोर मानाने बसविले, दोन अधम साक्षीदारांनी ईश्वरनिंदेचा व राजनिंदेचा आळ घेतला, आणि त्या निरपराध माणसाला वेशीबाहेर नेऊन दगडांनी ठेचण्यात आले. वार्ता येताच अहाब कबजा घेण्यास निघाला. शिक्का कोणी वापरला, साक्ष कोणी दिली, असा एकही प्रश्न त्याने केल्याची नोंद नाही. हाच त्याचा अपराध. म्हणूनच संदेष्टा एलीया मळ्यात त्याच्यासमोर उभा राहिला, तेव्हा खुनाचा जाब त्याने राणीच्या आधी राजालाच विचारला.

ज्यांच्या सहीने आज लोकांच्या जमिनी हस्तांतरित होतात, त्यांनी ही कथा अवश्य वाचावी. ती आपल्याला दूरचीही नाही: कोकणातील बेने इस्राएल कुटुंबांत पोहे, ओले खोबरे आणि फळे घालून केलेल्या मलिद्याच्या ताटाभोवती पिढ्यान्‌पिढ्या ज्या एलियाहू हनाबीचे नाव घेतले जाते, तो हाच एलीया.