जागा वाढल्या, शिक्षक कोठे आहेत?

बारावीचे निकाल लागले की आपल्या इंदूरच्या पालकवर्गात एकच विचारणा असते: कॉम्प्युटरला नंबर लागेल ना? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या महाविद्यालयांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा उठवली. जागा वाढल्या, शिकवणारे कोठून येणार, हे आम्हांस अधिक काळजीचे वाटते.

१९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला, तेव्हा विद्यार्थी कार्डांना छिद्रे पाडून फोर्ट्रान शिकत. पुढे पास्कल, सी, जावा आल्या. भाषा बदलल्या, पण दोन रीतींपैकी कोणती कमी पायऱ्यांत काम उरकते हे मोजण्याचे गणित तेच राहिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि घरी करायला दिलेला प्रोग्रॅम यंत्रच लिहून देऊ लागले. (शिक्षकांनी तो यंत्राकडूनच तपासून घेतला की झालेच!) तो बरोबर आहे का, हे मात्र गणित येणाऱ्यालाच कळते. म्हणून विद्यापीठांनी भाषांचे पेपर कमी करावेत, गणित वाढवावे आणि प्रत्येक प्रोग्रॅमवर तोंडी परीक्षा घ्यावी. ही ओळ का लिहिलीस, ती काढली तर काय होईल? तीस मुलांच्या वर्गात हे जमते, एकशेवीसांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला कसे जमावे?

आणि ही सुरुवात शाळेतच व्हायला हवी. यंदा नवे संगणक घेण्याचा विश्वस्त मंडळाचा विचार आहे. त्याआधी गणिताच्या शिक्षकाची रिकामी जागा भरावी, अशी आमची विनंती आहे.