घर तुमचं, पण रूम आमची!

अ‍ॅडमिशनचे दिवस आले की नांदेड-लातूरच्या गल्ल्यांत 'रूम भाड्याने देणे आहे' अशा पाट्या झळकू लागतात. आमच्या मुदखेडची काही मुलं रोज रेल्वेने ये-जा करतात, बाकीची रूम करतात. भाडं ठरतं, डिपॉझिट दिलं जातं, चावी मिळते. कागद मात्र कुठेच नसतो. "लेकरासारखं राहा, कागद कशाला?" असं मालक म्हणतात, आणि आपल्यालाही ते गोड वाटतं.

पण मुली आत अभ्यास करत असताना मालक दुसऱ्या चावीने दार उघडून "नळ बघायचा होता" म्हणतात, तेव्हा तो गोडवा संपतो. विचारलं तर उत्तर तयार : "घर माझंच आहे ना!" आणि रूम सोडताना ऐकायला मिळतं, "डिपॉझिट रंगकामात गेलं."

घर त्यांचंच, हे मान्य. पण कायदा काय म्हणतो? मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा 1954 चा भाडेकायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 28 नुसार मालक जागा पाहू शकतो, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. कलम 31 नुसार भाड्याची पावती द्यावी लागते. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. '11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि घरात येण्याआधी 24 तासांची सूचना असं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. म्हणजे डिपॉझिटचं भांडण शेवटी करारावरच येतं.

आपण इंजिनिअरिंगवाले. प्रॅक्टिकलला इनिशियल रीडिंग घेतलं नाही तर फायनल रीडिंगला काही अर्थ असतो का? डिपॉझिटचंही तसंच. राहायला येताना भिंती कशा होत्या हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर जाताना किती खराब झाल्या हे ठरवणार कोण? अर्थात, मालकांचंही ऐकायला हवं. लाईट बिल थकवून, खिडकीच्या काचा फोडून रातोरात पसार होणारे महाभाग आपल्यातच आहेत. वापरून झालेली झीज वेगळी आणि केलेलं नुकसान वेगळं, हे दोघांनीही समजून घ्यावं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कॉलेजच्या ऑफिसात एक पानाचा छापील फॉर्म ठेवावा : पंखे, नळ, भिंतींची स्थिती, मीटरचं रीडिंग, डिपॉझिटची रक्कम, परत देण्याची मुदत आणि खाली दोघांच्या सह्या. तो काही नोंदणीकृत कराराची जागा घेणार नाही, पण भांडणाच्या वेळी हातात काहीतरी असेल. सोबत मोबाईलवर चार फोटो काढायला खर्च शून्य.

ते डिपॉझिट आपल्या वडिलांच्या घामाचं असतं, आणि बंद दार हा आपला हक्क. दोन्ही मागायला लाजायचं कशाला?