गोधडीला भिंत हवी का?

शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबा काही काळ आढ्याला टांगलेल्या फळीवर निजत. चार हात लांब, जेमतेम वीतभर रुंद अशी ती फळी जुन्या चिंध्यांनी बांधलेली होती. एवढ्याशा चिंध्या माणसाचं वजन पेलतात कशा, हे पाहायला लोकांची रीघ लागली आणि एके दिवशी बाबांनी फळी मोडून फेकून दिली, असं दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’त आहे. बाबांची कफनी मात्र राहिली. दीक्षित वाड्यातल्या संग्रहालयात ती जपून ठेवली आहे. भाविक हात जोडतात आणि पुढे सरकतात. कापड कोणी विणलं, टाके कोणी घातले, हे विचारायला तिथे कोणी थांबत नाही. थांबावं अशी अपेक्षाही नाही. त्या कापडाचं मोल ते अंगावर घालणाऱ्यामुळे आहे.

आमच्यापुढचा प्रश्न नेमका उलटा आहे. ज्या कापडाचं मोल ते करणाऱ्या हातांमुळे आहे, त्याला शिर्डीत किंवा शिर्डीच्या पंचक्रोशीत एखादं कायमचं दालन असावं का? पैठणी, गोधडी आणि सूत, दोरखंड, चिंध्या यांतून आज घडणारी कला, तिन्ही एका छताखाली, करणाऱ्याच्या नावानिशी? ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही, म्हणून तर जरा थांबायला हवं.

जमेची बाजू भक्कम आहे. शिर्डीहून कोपरगावमार्गे येवला फार लांब नाही. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेली पैठणी तिथल्या मागांवर रोज विणली जाते. पदरावरच्या मोराजवळ डोळे नेऊन पाहावं. पिसाऱ्यातल्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. एक रंग जिथे संपतो तिथे विणकर त्याचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतो. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. म्हणून हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, मागे दोरे लोंबत नाहीत. युरोपातली टॅपिस्ट्री तंत्राने याच कुळातली. १९६२ साली स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात टॅपिस्ट्रीचं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झालं, आणि पोलंडच्या मॅग्डालेना अबाकानोविच यांच्यासारख्यांनी विणकाम भिंतीवरून उतरवून दालनाच्या मधोमध उभं केलं. तिकडे त्याला शिल्प म्हणू लागले. आपल्याकडे पदर लग्नात मिरवला की कपाटात जातो, आणि विणणाऱ्याचं नाव नेसणारीलाही ठाऊक नसतं.

शिर्डीच्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. त्यांचा जन्म इथल्याच चौंडीचा, पण विणकरांना आश्रय देऊन त्यांनी जो हातमाग वाढवला तो नर्मदाकाठी, महेश्वरला. आज महेश्वरी साडी मध्य प्रदेशची ओळख आहे. नामांतराच्या भाषणांत हा धागा फारसा कुणी उचलला नाही, याचं नवल वाटतं.

कला आणि कारागिरी यांच्यातलं अंतर कुणी ओलांडलंच नाही, असं नाही. मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी विणता विणता मागावरची फणी काढून टाकली. फणी ताण्याचे दोरे सरळ आणि सारख्या अंतरावर धरून ठेवते. ती गेल्यावर दोरे वाट सोडून वळतात आणि कापडात अशा लाटा उमटतात ज्या कुठल्याच नक्षीच्या वहीत नसतात. मुंबईतच जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी माग दूर ठेवला आणि रंगवलेल्या दोरखंडाला हाताने गाठी मारत माणसाहून उंच आकृती घडवल्या. एकेका कामाला महिनेच्या महिने लागत. २०१५ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. न्यूयॉर्कचं मोठं प्रदर्शन त्यानंतर, २०१९ मध्ये झालं. आपले प्रभाकर बरवे आणि अंबादास यांनीही सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. चित्रकारांनी मागांच्या सोबतीने काम करावं, ही कल्पना त्या काळी सरकारी खात्यालाही सुचली होती.

पण ही सगळी नावं मुंबई, बडोदा, दिल्लीची. कलाशाळेतून आलेली, इंग्रजी जाणणारी, गॅलरीचा उंबरा ओळखीचा असलेली माणसं. राहाता किंवा कोपरगावातल्या एखादीने हेच करायचं ठरवलं तर? जहांगीरसारख्या ठिकाणी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहायची. तोवर सहा हात लांबीचं काम घरात ठेवायचं कुठे, घडी घातली तर मोडतं, गुंडाळलं तर कसर लागते. तारीख मिळाली की टेम्पो, मुंबईतला मुक्काम, छापील पत्रिका, टांगायची दांडी. आठवडाभर लोक येतात, कापडाला हात लावून पाहतात (चित्राला कोणी लावत नाही) आणि विचारतात, “याची बेडशीट मिळेल का?” विकलं गेलं नाही तर सगळं परतीच्या टेम्पोत. दालन शिर्डीजवळ असतं तर यातला निम्मा जाच तरी टळला असता, आणि मुख्य म्हणजे तिच्या गावच्या बायकांनी ते पाहिलं असतं.

आता दुसरं पारडं. शिर्डीत माणसं लाखोंनी येतात, हे दालनाच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण म्हणून सांगितलं जाईल. आम्हाला तेच सगळ्यात कच्चं वाटतं. इथे येणारा माणूस रांगेचा हिशेब करून येतो: दर्शन, प्रसादालय, जमलं तर शनिशिंगणापूर, रात्रीची गाडी. त्यातून उरलेल्या वेळात तो जे घेतो ते मंदिराभोवतीच्या दुकानांत मांडलेलं असतंच. दालन तिकिटावर आणि विक्रीवर चालवायचं ठरलं तर थोड्याच दिवसांत तिथल्या मागांवर फक्त साईबाबांच्या तसबिरी विणल्या जातील. भक्तीचं कापड कमी प्रतीचं असतं असं नव्हे. नामदेवांचा शिंपीपणा आणि कबिराचा माग आपल्याला माहीत आहे. पण मागणी एकाच चित्राची असली की हाताला दुसरं सुचेनासं होतं.

शिवाय कापडाला गर्दी सोसत नाही. उजेडाने रंग उडतो, धूळ आणि घामट हवा धागा खाते. म्हणून संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी वस्त्र बदलून विश्रांतीला पाठवतात. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात मोजक्याच लोकांना, तेही आधी नोंदवून, आत सोडतात. हे शिर्डीत कोण करणार? फीत कापल्यावर कुलूप लागलेली सांस्कृतिक भवनं महाराष्ट्राला नवी नाहीत.

आणि गोधडीचं काय? ही तर या मुलुखाची घरोघरची गोष्ट. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली की जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर विरलेली धोतरं, फाटक्या साड्या, पोरांच्या सदऱ्यांचे तुकडे पसरायचे, वर दुसरं लुगडं. चारी कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर हाताला येईल ते वजन. मग काठापासून सुरू करून धावदोरा आत आत. टाका बोटाने मापलेला, पण जवळून पाहिलं तर दोन बायकांचा हात वेगळा कळतो: एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा ज्वारीएवढा. घरात सगळ्यांना माहीत असतं की हा निळा तुकडा आजोबांच्या बंडीचा. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आख्खं पुस्तक केलं, तेव्हा कुठे शहरातल्यांना त्यातली रचना दिसू लागली.

अशी गोधडी भिंतीवर लावली की काय होतं, याचा एक दाखला अमेरिकेत आहे. अलाबामातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या खेड्यातल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली, २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. पाठोपाठ, २००७ मध्ये, काही गोधडीकरणी कोर्टात गेल्या: नक्षीचे हक्क कोणाचे, मोबदला किती, यावरून. वाद पुढे मिटवला गेला. यावरून प्रदर्शनच नको असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. त्या बायकांना नाव मिळालं, हे खरंच आहे. पण कागदपत्रं आधी आणि खिळे नंतर, एवढं तरी त्यातून घ्यावं.

सगळं जमेला धरून आमचा कौल दालनाकडे झुकतो, पण मंदिराभोवतीच्या बाजारात नव्हे आणि भाविकांच्या दानातूनही नव्हे. संस्थानाच्या पैशावर रुग्णालयाचा आणि शाळेचा हक्क आधीचा आहे. येवल्याच्या वाटेवर, विणकरांना सायकलवरून येता येईल अशा जागी, चार खोल्या पुरे. त्यांतली एक काळोखी, जुन्या कापडांसाठी. एक माग चालू असलेली. बाकीच्या दोन आज काम करणाऱ्यांसाठी, आळीपाळीने. काम मांडायला घेतलं की भाडं कलावंताला द्यायचं. विकत घेतलं तर वस्तू दालनाची, नक्षीचा हक्क कलावंताचाच. पैठणीखाली मालक-व्यापाऱ्याचं नाव न लावता विणकराचं लावायचं, आणि विणकराची बायको कांड्या भरत असेल तर तिचंही.

यावरही एक आक्षेप उरतो, आणि तो आम्हाला खोडता आलेला नाही. गोधडी धुवायची, उसवायची, पुन्हा शिवायची वस्तू आहे; वापरून विरली तरच तिच्यातून पुढची निघते. दालनात गेलेली गोधडी या फेऱ्यातून कायमची बाहेर पडते. तेव्हा निवड करणाऱ्या समितीत कलासमीक्षक असोत, पण निम्म्या तरी जागा गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या असाव्यात. कुठली गोधडी टांगायची आणि कुठली नातवाच्या अंगावर राहू द्यायची, हे त्यांना ठरवू द्यावं. समितीच्या बैठकीचा भत्ता आणि बुडालेल्या दिवसाचा रोज, दोन्ही त्यांना मिळावेत. अंदाजपत्रकात ही रक्कम रंगरंगोटीच्या वर लिहिली आहे की नाही, ते आम्ही आधी पाहू.